पार्सल, पोर्च आणि पुण्यश्लोक

मोबाईलवर पार्सल पोचल्याचा मेसेज यावा, आपण चपला सरकवत तीन जिने धावत खाली यावं आणि पोर्चमध्ये पाहावं तर पार्सल गायब! हा अनुभव ज्याला आला नाही तो होस्टेलला राहिलाच नाही, असं म्हणायला हरकत नाही.

आमच्या होस्टेलच्या पोर्चमध्ये एक जुना लाकडी बाक आहे. कुरिअरवाले येतात, त्या बाकावर खोक्यांचा ढीग लावतात, फोटो काढतात आणि गाडीला किक मारून निघून जातात. दुपारी सगळे कॉलेजात. वॉचमनकाका एकटे, तेही कधी गेटवर, कधी पाण्याच्या मोटारीपाशी. मागच्या वर्षी सबमिशनच्या तोंडावर आमच्या ग्रुपचं प्रोजेक्टचं पार्सल आलं. सेन्सर, मोटर ड्रायव्हर, एक छोटा कॅमेरा. चौघांनी मेसचे पैसे वाचवून मागवलेलं. मेसेज दुपारी सव्वादोनला आला आणि आम्ही चार वाजता पोचलो, तर बाक रिकामा.

पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. आधी आरडाओरडा, मग रेक्टर सरांकडे तक्रार, मग कॅमेरा लावा, कुलूपबंद कपाट आणा अशा सूचना. आणि मग रात्री कोणाच्या तरी खोलीत बसून हळूच एक नाव पुढे आलं. मेसमध्ये ताटं उचलणारा मुलगा. तो दुपारी पोर्चमधून ये-जा करायचा. जवळच्याच भिल्ल वस्तीतला. बास, एवढा पुरावा आम्हाला पुरला! त्या मुलाचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी एका बाईंची गोष्ट सांगायची आहे. त्यांच्या नावानं २०२४ सालापासून आपला जिल्हा ओळखला जातो, पण त्यांचा आणि आपल्या पार्सलचा काही संबंध असेल असं मलाही हा लेख लिहायला बसेपर्यंत वाटलं नव्हतं.

अहिल्याबाई होळकर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते चित्र ठरलेलं. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, हातात शिवपिंड. शाळेत जयंतीला भाषण करताना आपण घाट, मंदिरं, धर्मशाळा यांची यादी म्हणून टाळ्या घेतलेल्या असतात. ती यादी खरीच आहे. पण या बाईंनी जवळजवळ २८ वर्षं राज्य चालवलं, आणि राज्य चालवणं म्हणजे रोजची कटकट. त्यातली एक मोठी कटकट होती वाटेवर होणारी मालाची चोरी.

जन्म ३१ मे १७२५, गाव चौंडी, आजच्या जामखेड तालुक्यात. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. आता पाटील म्हटलं की आपल्याला सिनेमातला मिशीवाला पाटील आठवतो. पण त्या काळात पाटीलकी म्हणजे जबाबदारीचं ओझं होतं. सारा वसूल करायचा, तंटे मिटवायचे आणि गावात चोरी झाली तर ती शोधायची. त्यासाठी गावाला राखणदार असत. कुठे रामोशी, कुठे महार, कुठे भिल्ल. गावागणिक नाव वेगळं, काम एकच.

ही पद्धत इंजिनिअरनं समजून घ्यावी अशी आहे. रात्री चोरी झाली की राखणदार पहाटे चोराच्या पावलांचा माग काढत निघायचा. माग आपल्या शिवेबाहेर शेजारच्या गावात गेला, की त्या गावच्या राखणदाराला बोलावून तो माग दाखवायचा. त्यानं तो मान्य केला की जबाबदारी त्या गावाची. मग तो पुढे चालायचा. असं करत करत माग जिथे संपेल, त्या गावानं चोर द्यायचा, नाहीतर भरपाई द्यायची. आज आपलं खोकं भिवंडीच्या गोदामातून निघून नगरला येईपर्यंत प्रत्येक ठिकाणी स्कॅन होतं ना? तेच हे. फरक एवढाच, की तेव्हा बारकोडऐवजी पाऊलखुणा होत्या. आणि महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक शिवेवर कोणीतरी एक जिवंत माणूस ती जबाबदारी स्वीकारत असे. मधे कुठेही बेवारशी जागा नव्हती.

पाटलाच्या घरात वाढणाऱ्या मुलीच्या कानावर या गोष्टी रोज पडत असणार. त्या काळात मुलींना शिकवत नसत, पण माणकोजींनी मुलीला लिहा-वाचायला शिकवलं असं सांगतात. पुढची कथाही सर्वांना ठाऊक आहे. मल्हारराव होळकर पुण्याकडे जाताना चौंडीला थांबले, त्यांनी देवळात ही चुणचुणीत पोर पाहिली आणि आपल्या खंडेरावासाठी सून म्हणून मागणी घातली. १७३३ च्या सुमारास लग्न झालं. वय वर्षं आठ! आज त्या वयाची मुलं तिसरीत असतात.

मल्हारराव स्वतः मेंढपाळाच्या घरातून वर आलेले. माणसाची पारख त्यांना होती. मुलगा खंडेराव लढवय्या होता, पण कारभारात त्याचं मन रमत नसे. सुनेचं मात्र रमायचं. हिशोब, पत्रव्यवहार, न्यायनिवाडा हे सगळं सासऱ्यांनी हळूहळू तिच्यावर सोपवलं. १७४५ साली मुलगा मालेराव झाला, १७४८ साली मुलगी मुक्ताबाई.

१७५४ चा मार्च. राजस्थानात कुंभेरच्या किल्ल्याला मराठ्यांचा वेढा पडला होता. तिथे तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले. अहिल्याबाई २८ वर्षांच्या होत्या. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे सती जायला निघाल्या. मल्हाररावांनी त्यांना अडवलं. म्हातारपणी आमचा आधार तूच, अशी गळ त्यांनी घातली. सून मागे फिरली. लोकनिंदा झाली असेलच, पण सासऱ्यांनी आणि सुनेनं ती पचवली. हा प्रसंग लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज लागणार आहे.

त्यानंतरची बारा वर्षं म्हणजे अहिल्याबाईंचं खरं इंजिनिअरिंग कॉलेज! मल्हारराव मोहिमेवर, मागे तोफखाना, दारूगोळा, रसद सगळं सुनेकडे. १७६५ सालचं मल्हाररावांचं एक पत्र आहे. त्यात ते सुनेला मोठा तोफखाना घेऊन ग्वाल्हेरकडे जायला सांगतात, दारूगोळ्याची तजवीज करायला सांगतात आणि वाटेच्या बंदोबस्तासाठी चौक्या बसवायला सांगतात. विचार करा, अठराव्या शतकात एक सासरा आपल्या विधवा सुनेला तोफा हलवायला आणि रस्ता सुरक्षित ठेवायला लिहितो आहे. आपल्याकडे अजूनही मेकॅनिकलला मुलीनं ॲडमिशन घेतली तर काही नातेवाईक भुवया उंचावतात.

मे १७६६ मध्ये मल्हारराव वारले. गादीवर नातू मालेराव आला. तोही वर्षभराच्या आत, १७६७ साली गेला. नवरा, सासरा, मुलगा, तिघेही गेले. घरात पुरुष वारस उरला नाही. अशा वेळी जे होतं तेच झालं. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी कोणीतरी लहान मूल दत्तक घ्या असा आग्रह धरला. मूल लहान म्हणजे कारभार दिवाणाच्या हाती, हे न कळण्याइतक्या बाई भोळ्या नव्हत्या. दिवाणानं राघोबादादांशी संधान बांधलं आणि दादा फौज घेऊन माळव्यात उतरले.

अहिल्याबाईंनी काय केलं? रडत बसल्या नाहीत. शिंदे, भोसले, गायकवाड यांना पत्रं लिहिली. पुण्याला माधवराव पेशव्यांकडे आपली बाजू मांडली. फौज तयार ठेवली. आणि राघोबादादांना निरोप पाठवला, त्याची कथा आजही सांगतात. बाईशी लढून जिंकलात तर त्यात मोठेपणा नाही आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असा त्याचा मतलब होता. दादा समजले. लढाईला नव्हे, मालेरावाच्या दुखवट्याला आलो होतो असं म्हणून प्रकरण मिटलं. माधवरावांनी कारभार बाईंच्याच हाती ठेवला. लष्कराची जबाबदारी त्यांनी तुकोजी होळकरांना दिली. तुकोजी घराण्यातले विश्वासू सरदार. फौज त्यांच्याकडे, मुलकी कारभार आपल्याकडे, अशी वाटणी जवळपास शेवटपर्यंत टिकली. राजधानी नर्मदाकाठी महेश्वरला नेली.

आता आपल्या विषयाकडे येऊ.

माळवा म्हणजे सुपीक प्रदेश. कापूस, अफू, धान्य, कापड असा माल तिथून दक्षिणेत आणि गुजरातेत जायचा. पण मधे विंध्य आणि सातपुडा. घाटातल्या वाटा अरुंद, दोन्ही बाजूंना जंगल. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून तांडा चालला आहे आणि वरून बाणांचा वर्षाव झाला की व्यापारी माल टाकून पळणार. वाट जितकी धोक्याची तितका मालाचा विमाही महाग. हो, त्या काळी आपल्याकडे विमा होता! सावकार मालाची जोखीम घेत आणि वाटेचा धोका पाहून दर ठरवत. हा सगळा भुर्दंड शेवटी कापड घेणाऱ्या गिऱ्हाइकावरच पडायचा.

लूट करणारे मुख्यतः डोंगरातले भिल्ल आणि गोंड. पण त्यांच्या बाजूनं पाहा. डोंगर पिढ्यान् पिढ्या त्यांचा. त्यांच्या दारावरून, म्हणजे त्यांच्या पोर्चमधूनच म्हणा ना, रोज लाखोंचा माल चालला आहे आणि त्यांच्या पोरांच्या पोटात काही नाही. राज्यं आली, गेली. प्रत्येकानं त्यांना फक्त हाकललं. फौज आली की ते डोंगरात आणि फौज गेली की पुन्हा वाटेवर. घाटात बारा महिने फौज ठेवणं कुठल्याच राज्याला परवडत नव्हतं.

इथे एक कथा सांगितली जाते. या लुटारूंचा जो बंदोबस्त करील त्याला मी माझी मुलगी देईन, असं अहिल्याबाईंनी भर दरबारात जाहीर केलं. यशवंतराव फणसे नावाचा तरुण पुढे आला, त्यानं काम करून दाखवलं आणि मुक्ताबाईचं लग्न त्याच्याशी झालं. लग्न झालं हा इतिहास आहे, दरबारातली प्रतिज्ञा ही लोकांनी जपलेली आठवण. पण एकट्या जावयाच्या तलवारीनं हा प्रश्न सुटला असता तर तो आधीच्या तलवारींनीही सुटला असता.

अहिल्याबाईंनी सुरुवात समजुतीनं केली. ते जमलं नाही तेव्हा कठोर झाल्या, काही पुढाऱ्यांना कडक शिक्षा झाल्या. हे लपवण्यात अर्थ नाही, त्या राज्यकर्त्या होत्या. पण शिक्षेवर त्या थांबल्या नाहीत आणि खरी गंमत इथेच आहे. डोंगरातून जाणाऱ्या मालावर थोडासा कर घेण्याचा भिल्लांचा एक जुना हक्क होता. त्याला भिलकवडी म्हणत. नावावरूनच कळतं, कवडीएवढी रक्कम. अहिल्याबाईंनी हा हक्क रीतसर मान्य केला. व्यापाऱ्यानं भिलकवडी द्यायची आणि निर्धास्त जायचं. त्याबरोबर पडीक जमिनी लावणीला देऊन भिल्लांना शेतीकडे वळवलं. आणि बदल्यात एकच अट घातली. तुमच्या हद्दीत माल चोरीला गेला तर तो शोधून देण्याची जबाबदारी तुमची.

झालं! काल जो वाटमाऱ्या होता तो आज राखणदार झाला. ज्याला त्या जंगलातली प्रत्येक पायवाट ठाऊक, त्याच्याइतका चांगला पहारेकरी दुसरा कोण असणार? आधी माल लुटला तर त्याचं एकदा पोट भरायचं, आता माल सुखरूप गेला तर रोज भरणार होतं. व्यापाऱ्याचंही भलं, कारण कवडी गेली तरी गोणी वाचली. चौंडीच्या शिवारात गावाची शीव आणि राखणदाराची जबाबदारी यांचं जे नातं होतं, तेच या पाटलाच्या लेकीनं विंध्याच्या घाटात नेऊन बसवलं, असं मला तरी वाटतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर ही सिस्टिम डिझाइनची गोष्ट आहे. चोरी थांबवायचे दोन मार्ग असतात. एक, भिंत उंच करत जायची. दुसरा, चोरी न होण्यात ज्याचा फायदा आहे अशा माणसाला त्या जागेवर उभं करायचं. पहिल्या मार्गाचा खर्च वाढतच जातो. दुसऱ्यात एकदा डोकं लावावं लागतं आणि थोडा विश्वास टाकावा लागतो.

रस्त्यांवर त्यांचं लक्ष कायम राहिलं. १७८३ साली महेश्वर ते पुणे टपाल नेण्याचं काम त्यांनी एका खाजगी पेढीकडे सोपवलं. म्हणजे कुरिअर कंपनीला कंत्राटच म्हणा! माळव्याच्या पठारावरून निमाडात उतरणाऱ्या घाटाच्या तोंडाशी १७९१ साली उभारलेला जाम दरवाजा अजून आहे. पावसाळ्यात तिथे सेल्फी काढायला गर्दी होते. ठिकठिकाणी विहिरी, धर्मशाळा, सावलीची झाडं. वाटसरूची सोय झाली की वाट वाहती राहते आणि वाहत्या वाटेवर चोराला जागा कमी मिळते, हे साधं गणित आहे.

दुसऱ्याच्या मालाला हात न लावण्याचा नियम त्यांनी आधी स्वतःला लावला. एखादा सावकार निपुत्रिक मेला की त्याची दौलत सरकारजमा करायची, निदान दत्तकाच्या परवानगीसाठी मोठा नजराणा उकळायचा, ही तेव्हाची सर्रास रीत. अहिल्याबाईंनी विधवांच्या मालमत्तेला हात लावला नाही. दत्तकाला परवानगी देताना नजराणा नको म्हणाल्या. एका श्रीमंत घरच्या विधवांनी आपण होऊन सारी संपत्ती त्यांच्यापुढे ठेवली, तर ती घाट आणि देऊळ बांधायला लावा असा सल्ला देऊन परत पाठवलं. वरचाच माणूस बाकावरचं खोकं उचलायला लागला तर खालच्यांना काय सांगणार?

बाकी कामं तुम्हाला माहीतच आहेत. काशीचं विश्वेश्वर मंदिर १७८० साली पुन्हा उभं राहिलं. सोमनाथला १७८३ मध्ये नवं मंदिर, गयेला १७८७ मध्ये विष्णुपद. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार. महेश्वरचे घाट, आणि तिथे विणकर वसवून सुरू केलेलं कापड. आज आपल्या आई-मावशी ज्याला महेश्वरी साडी म्हणतात ते तेच. राहणी मात्र साधी. महेश्वरचा वाडा पाहिलेल्यांना पहिला धक्का बसतो तो हाच, की हा राजवाडा आपल्या गावातल्या एखाद्या मोठ्या वाड्यापेक्षा फार वेगळा नाही.

घरातली दुःखं मात्र संपली नाहीत. मुक्ताबाईचा मुलगा, ज्याच्यावर आजीचा सगळा जीव होता, तरुणपणीच गेला. मग १७९१ साली जावई यशवंतराव गेले. मुक्ताबाई सती जायला निघाली. आईनं मुलीपुढे पदर पसरला, विनवण्या केल्या. म्हाताऱ्या आईला एकटं टाकू नकोस म्हणाल्या. सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्यांनी जे शब्द वापरून त्यांना मागे फिरवलं होतं, जवळजवळ तेच शब्द. पण मुक्ताबाई ऐकली नाही. नर्मदेच्या काठावर आईला ते उभं राहून पाहावं लागलं. हजारो वाटसरूंना सुखरूप घरी पोचवणाऱ्या बाईंना स्वतःची लेक राखता आली नाही. हे वाचताना मला पुढचं पान उलटवेना.

त्यानंतर चार वर्षांनी, १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरला त्यांनी देह ठेवला. वय सत्तर.

त्यांच्यामागे काय झालं? तुकोजी दोन वर्षांतच वारले. वारसांची भांडणं, लढाया आणि मग पेंढाऱ्यांचा धुमाकूळ. माळव्यातल्या वाटा पुन्हा ओस पडल्या. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांचा पराभव झाला आणि इंग्रज आले. त्यांच्यातला जॉन माल्कम नावाचा अधिकारी माळव्यात फिरला. अहिल्याबाईंना जाऊन वीस-बावीस वर्षं झाली होती. लोक त्यांच्याविषयी इतकं चांगलं बोलतात तेव्हा त्याला आधी शंका आली. म्हणून त्यानं वेगवेगळ्या जातीधर्माच्या लोकांना मुद्दाम विचारलं. जितकी खोलात चौकशी केली तितका आदर वाढतच गेला, अशी कबुली त्यानं १८२३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात दिली आहे. भिलकवडीची हकीकतही त्यानंच लिहून ठेवली. एका परक्या, जिंकायला आलेल्या माणसाचं हे सर्टिफिकेट आहे!

पण त्याच्याच सरकारनं पुढे काय केलं पाहा. १८७१ साली कायदा करून त्यांनी कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. मूल जन्मलं की ते चोर! हजेऱ्या, परवाने, तारेच्या कुंपणातल्या वसाहती. तो कायदा जाऊन ही माणसं मोकळी व्हायला १९५२ साल उजाडलं. संशय घेणं सोपं असतं, त्यात डोकं लागत नाही. विश्वास टाकून वर हिशोबही मागायचा, हे अवघड. ते चौंडीच्या एका मुलीला शंभर वर्षं आधी जमलं होतं.

आपल्याच जिल्ह्यात नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर आहे. घरांना चौकटी आहेत पण कवाडं नाहीत, कुलपं नाहीत. २०११ साली तिथे एका राष्ट्रीयीकृत बँकेनं बिनकुलपाची शाखासुद्धा उघडली. बाहेरगावचे मित्र आले की आपण ते अभिमानानं सांगतो. आता तिथूनही अधूनमधून चोरीच्या बातम्या येतात, म्हणून काहीजण हसतात. मला हसू येत नाही. शनिदेवाच्या धाकानं असो की शेजाऱ्याच्या लाजेनं, सगळ्या गावानं मिळून एकमेकांचं घर राखायचं ठरवलं, यात नवल आहे. आमच्या होस्टेलला चार मजले, दीडशे कुलपं, आणि शेजारच्या खोलीत कोण राहतं ते माहीत नाही!

आता राहिलेली गोष्ट. आमचं पार्सल नवव्या दिवशी सापडलं. दुसऱ्या विंगमधल्या एकानं स्वतःच्या दोन खोक्यांबरोबर ते तिसरंही उचललं होतं. खोली नंबर सारखाच, विंग वेगळी. खोकी कॉटखाली सरकवून तो बहिणीच्या लग्नाला गावी गेला होता. परत आल्यावर त्यानंच आणून दिलं, दहा वेळा सॉरी म्हणाला. चोर नव्हताच. नव्हती ती फक्त शिवेवर उभं राहून हे खोकं माझ्या ताब्यात आहे असं म्हणणारी व्यक्ती.

पण तोपर्यंत मेसमधला तो मुलगा कामावर यायचा बंद झाला होता. त्याला कोणी मारलं नाही, पोलिसात दिलं नाही. फक्त तो ताट उचलायला आला की टेबलावरची बोलणी थांबायची, आणि एकानं त्याच्या देखत खिशातला मोबाईल चाचपून पाहिला होता. तेवढं त्याला पुरलं. आम्ही दोघं वस्तीवर गेलो. घरचे सगळे ऊसतोडीला गेले होते, तोही त्यांच्याबरोबर. शेजारच्या आजींनी पाणी दिलं. काय काम होतं म्हणून विचारलं, तर आम्हाला धड सांगताही आलं नाही.

यंदा आम्ही रेक्टर सरांना भेटून पोर्चमधला बाक हलवला. जिन्याखालची खोली पार्सलसाठी घेतली. वॉचमनकाका आणि मेसमधले दोघे पाळीपाळीनं पार्सल उतरवून घेतात आणि वहीत नाव, विंग, खोली नंबर लिहितात. नेणाऱ्यानं सही करायची. दर पार्सलमागे दोन रुपये डब्यात टाकायचे, महिनाअखेर ते तिघांत वाटून दिले जातात. हरवलं तर आधी वही उघडायची, माणसाकडे नंतर बघायचं. वहीवर सगळे पार्सल रजिस्टर म्हणतात. मी आतल्या पानावर पेन्सिलीनं भिलकवडी असं लिहून ठेवलं आहे.

ऊसतोडीचा हंगाम संपला की वस्तीवर पुन्हा जायचं ठरलं आहे. तो आला तर जिन्याखालच्या खोलीची एक पाळी त्याची. नाही आला तर निदान माफी तरी मागून यायची. प्रोजेक्टला आम्हाला चांगले मार्क पडले, पण हे सबमिशन अजून बाकी आहे.